अकरा नंबरचा राऊटर आणि अक्रोडाची पेटी

१४ एप्रिल, सोमवार

स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू, आजपर्यंतच्या: घराचा जिना, सतरा पायऱ्या, एकही करकरत नाही. आलुबुखाराची दारू, म्हणजे राकिया, गाळायची तांब्याची भट्टी. रास्पबेरीच्या खोक्यांना पट्टी आवळणारं यंत्र. तीन शीतगृहांत अजून चालतं. दोन्ही मुलींचे पाळणे. वडिलांच्या थडग्यावरची अक्षरं. आणि आरिल्ये गावातल्या आमच्या जकातीचे कागद करणाऱ्या ऑफिसातलं इंटरनेटचं सगळं जाळं: एकशे ऐंशी मीटर तार, चौदा खोबण्या, प्रत्येकीवर माझ्या अक्षरात नंबर.

यातलं काहीही मला कोणी शिकवलं नाही. शाळा आठवीपर्यंत. पुढचं शिक्षण पुस्तकांतून आणि बिघडलेल्या वस्तूंमधून.

यादी करायचं कारण असं की आज अकरा वाजून वीस मिनिटांनी ऑफिसचा राऊटर मेला. नऊ वर्षं चालला. दोनदा मी त्याचे फुगलेले कपॅसिटर बदलले होते. आज उघडला तर आतली सर्किटची पट्टीच काळी पडलेली. अंगणात जर्मनीला जाणारा गोठवलेल्या रास्पबेरीचा ट्रक दोन तास इंजिन चालू ठेवून उभा, कारण कागद जकातीकडे पोचत नव्हते. शेवटी ऑफिसातल्या पेर्सिदाच्या फोनवरून पाठवले.

मालकीणबाई रादमिला खिडकीतून ट्रककडे बघत होत्या. त्यांचा जावई स्रेच्को बोलला. गिऱ्हाइकं सांभाळणं हे त्याचं काम, पण त्याच्या पाकिटात उझित्से शहरातल्या एका कंपनीचं कार्ड तयारच होतं. ते लोक डबा भाड्याने देतात, बिघडला तर येतात, आणि दुसऱ्या कोणी तो उघडायचा नाही. "काका, आता कशाला डोकं शिणवता," म्हणाला, "तुमचं वय भट्टीजवळ खुर्ची टाकून बसायचं."

मी बावन्न वर्षांचा आहे.

रादमिलाबाईंनी दोघांकडे पाहून सांगितलं, "विदोये, तुम्ही निवडा. पण जूनच्या मध्यात रास्पबेरी सुरू होते, तेव्हा दिवसाला दहा ट्रक. तोवर हे धड उभं राहिलं नाही तर सगळं उझित्सेवाल्यांना देईन. तारांसकट."

तारांसकट.

१६ एप्रिल, बुधवार

तक्ता केला. सतरा राऊटर, नऊ रकाने. धातूचं अंग. पंखा नको, कारण पंखा धूळ ओढतो आणि सगळ्यात आधी तोच मरतो. इंटरनेटच्या दोन वाटा हव्यात: एक तारेची, ती तुटली तर आपोआप मोबाइलची. निदान पाच वर्षं सॉफ्टवेअरच्या सुधारणा पाठवण्याचा कंपनीचा शब्द. वीज घेणारी पिन स्क्रूने आवळता आली पाहिजे. आमच्याकडे झाडूचा धक्का लागतोच. आणि तसाच दुसरा नग तासाभराच्या वाटेवर मिळाला पाहिजे.

सहा अँटेना लावून कोळ्यासारखे दिसणारे चार होते. ते पहिल्याच फेरीत कापले. अँटेना मोजून राऊटर घेणारा माणूस पानं मोजून कोबी घेत असेल.

स्रेच्कोने मागून डोकावून पाहिलं आणि म्हणाला की मला जावई करून घेताना सासूबाईंनीही एवढे रकाने भरले नव्हते. रादमिलाबाई टाइप करता करता म्हणाल्या, "भरायला हवे होते."

उरले दोन: सहा नंबर आणि अकरा नंबर.

२२ एप्रिल, मंगळवार

ईस्टरची सुट्टी संपली. चाचाक शहरात मिलोवानच्या दुकानात गेलो. मिलोवान मोजकं बोलतो आणि जे स्वतः वापरलेलं नाही ते विकत नाही. मी सहा नंबरचं नाव काढताच त्याने नकाराची मान हलवली, अकराला "हा मीही घरी लावलाय" म्हणाला. झालं.

दुपारी साडेतीनला जोडला. मूठभर काळा धातू, आवाज नाही. मोबाइलची वाट तपासायला मुख्य तार स्वतः उपटली. अकरा सेकंदांत दुसरी सुरू. पेर्सिदाला दाखवलं. ती एकसष्ट वर्षांची, कागदपत्रं तिच्याकडे. "अकरा नंबरला अकरा सेकंद," म्हणाली, "बारावा घेतला असतास तर?" तिला तांत्रिक गोष्टींत रस नाही, पण बिचारी ऐकून घेते.

२९ एप्रिल, मंगळवार

आठवडाभर एकदाही पडला नाही. मात्र एक गोष्ट बाकी होती. तारा जिथून भिंतीतून आत येतात तिथलं भोक मनगटाएवढं आहे, आणि समोर खिडकी. खिडकी उघडली की आरपार वारा. रादमिलाबाई मार्चपासून गळ्याला शाल गुंडाळून बसतात, मान उजवीकडे वळत नाही. वाऱ्याने काय होतं हे मला कोणी सांगायला नको; माझ्या मामाचं अर्धं तोंड एका बस-प्रवासात वाकडं झालं.

म्हणून पेटी केली. अंगणातल्या अक्रोडाचं लाकूड, सहा वर्षं वाळलेलं. कोपऱ्यांना खाचेत खाच, एकही खिळा नाही. पितळी बिजागऱ्या. दाराला चारही बाजूंनी लोकरी नमद्याची पट्टी. भिंतीवर ते भोक झाकेल अशी बसवली. आत राऊटर, तारांचा स्विच, बॅटरीचा ठोकळा आणि तिन्हींचे अडॅप्टर. दार लावलं की फटीत कागद सरकत नाही. खरंच लावून पाहिला, सरकत नाही.

रादमिलाबाईंनी शाल काढून खुर्चीवर टाकली. स्रेच्को म्हणाला, "काका, पुढच्या वेळी राऊटरही अक्रोडाचाच करा." पण हात फिरवून पाहिला त्यानेही.

पेर्सिदाने दार उघडून, लावून, परत उघडून पाहिलं. "आणि हा श्वास कुठून घेणार?"

यंत्र आहे, श्वास घेत नाही, असं मी तिला समजावलं. ती बरं म्हणाली.

९ मे, शुक्रवार

वाईट आठवडा. मंगळवारी जुर्जेवदानचा सण, पेर्सिदाच्या घरी स्लावा, म्हणजे घराण्याच्या संताची मेजवानी. मेंढीचं मटण उत्तम, मी राकिया नेली होती. तिच्याकडे पाहुणे तीन दिवस राहतात, म्हणून ती आठवडाभर रजेवर.

बुधवारी एक पस्तीसला राऊटर थिजला. दिवे चालू, काम बंद. वीज काढून घातली, चालला. गुरुवारी दोन दहाला. आज एक पन्नासला. सकाळी कधीच नाही. दुपारी लाइनवर भार जास्त असतो, तेव्हा आतल्या प्रणालीत काही गुंता असणार. रविवारी ऑफिसला जाऊन नवी सुधारणा घालतो.

स्रेच्को मोठ्याने विचार करत होता की आज कोणता नंबर पडला, अकरा की बारा.

१६ मे, शुक्रवार

एकदाही नाही. पाचही दिवस. सुधारणेने काम केलं. आठ तास तिचीच माहिती वाचत बसलो होतो.

एकच तक्रार. पेर्सिदा परत आली आणि पेटीत चीज भरलेला, पापुद्र्यांचा बुरेक ठेवू लागली. साडेनऊला आणते, पेटीत ठेवते, एक वाजता काढते. त्यावरही हरकत नव्हती, पण दार नीट लावत नाही. चार बोटं उघडंच असतं. सोमवारी सांगितलं, मंगळवारी सांगितलं. बुधवारी दारावर कागद चिकटवला: दार बंद ठेवावे. आज कागद होता आणि दार उघडं होतं.

मी म्हटलं, "पेर्सिदा, नमदा कशासाठी लावलाय?"

"बुरेक ओला होतो रे बंद दारात. पापुद्रा मऊ पडतो," म्हणाली. "आणि वारा कुठेय, बघ, खिडकी मी बंद केलीये."

खिडकी बंद होती, हे खरं. अर्धा बुरेक मला दिला. वाद घातला नाही.

२२ मे, गुरुवार

पेर्सिदा दातांच्या डॉक्टरकडे गेली होती. मी शांतपणे पेटी बंद केली, नमदा पुसला. पाऊण वाजता थिजला. परत सव्वादोनला. म्हणजे सुधारणेनेही काही झालेलं नाही.

इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. आज पहिल्यांदा वाटलं की मला हे काम येत नाही. तार ओढणं येतं, लाकूड येतं. पण हे काळं खोकं, ज्याच्या आत काय चाललंय ते उघडून दिसत नाही, ते कदाचित शिकलेल्या माणसांसाठी असेल. स्रेच्कोचा एक मित्र उझित्सेच्या त्या कंपनीत अभियंता आहे, त्याच्याकडे पदवी आहे. माझ्याकडे तक्ता आहे.

तारा सगळ्या मोजून पाहिल्या. चौदाच्या चौदा निर्दोष. म्हणजे दोष राऊटरमध्येच.

२३ मे, शुक्रवार

मिलोवानकडे परत केला. नोंदींचा कागद सोबत नेला, तारीख आणि मिनिटांसकट. त्याने तो दोनदा वाचला, विचारलं की कुठे ठेवलाय. मी म्हटलं, स्वच्छ कोरड्या जागी. त्याने तसाच नवा नग दिला.

स्रेच्कोने संध्याकाळपर्यंत अर्ध्या आरिल्येला सांगितलं की मिलोवानचा माल रद्दी आहे, विदोये मिस्त्रीने स्वतः परत केला. मी परत केलाच होता.

३० मे, शुक्रवार

नवा नग आठवडाभर उत्तम. म्हणजे माझं निदान बरोबर: पहिला सदोष होता. बुरेक चालू आहे, दार उघडं आहे, मी बोलणं सोडलं.

उद्यापासून पेर्सिदा गुडघ्यांसाठी बान्याला चालली, गरम पाण्याच्या झऱ्यांवर, बारा दिवस. जाताना पेटीजवळ उभी राहून म्हणाली, "विदोये, मी नसताना दार जरा उघडं ठेव. माझी आठवण म्हणून."

या वयात बायका भावुक होतात. मी हो म्हटलं. आणि ती गेल्यावर दार लावून घेतलं, कारण खिडक्या उघडायचे दिवस आले आहेत आणि रादमिलाबाईंची मान आता कुठे फिरायला लागली आहे.

३ जून, मंगळवार

बाहेर चौतीस अंश. तीनदा थिजला: साडेअकरा, एक पाच, अडीच. शेवटच्या वेळी दोन ट्रक अंगणात आणि एक ड्रायव्हर दारात उभा, नुसता घड्याळ दाखवत.

रादमिलाबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "विदोये, नवा आणला, तो बदलून दुसरा आणला. आता मी काय समजायचं? सोमवारी उझित्सेवाले येतायत."

स्रेच्कोने या वेळी विनोद केला नाही. खांद्यावर हात ठेवला. तो जास्त लागला.

पगार राहील, त्या म्हणाल्या. कागद नेणं-आणणं, गोदामाचं बघणं. तारांवरचे नंबर कंपनी आपल्या पद्धतीने बदलून घेईल.

५ जून, गुरुवार

हे नीट, क्रमाने लिहितो.

सकाळी बेकरीवरून जाताना बुरेक घेतला. पेर्सिदा नाही तर अर्धा कोण देणार, म्हणून स्वतःचाच. ऑफिसात आल्यावर तिच्या सवयीप्रमाणे पेटीत ठेवला, पण माझ्या सवयीप्रमाणे दार घट्ट लावलं. मग सोमवारसाठी तारांचा नकाशा काढत बसलो. कंपनीच्या हाती द्यायचा तर तोही चुकीचा देणार नाही.

बारा चाळीसला राऊटर थिजला. पेटी उघडली. आतून असा वाफारा आला की चष्मा धुरकटला. बुरेकमधलं तूप कागदातून निघून फळीवर पसरलं होतं. अडॅप्टर हलवायला गेलो तर बोट भाजलं.

मी बराच वेळ बोट तोंडात घालून उभा होतो.

मग घरी जाऊन भट्टीचा थर्मामीटर आणला. दार बंद करून अर्धा तास: एकसष्ट अंश. दार उघडं ठेवून अर्धा तास: एकोणचाळीस. परत बंद: अठ्ठावन्न, आणि चढतोय. पंखा नसलेला राऊटर आपल्या धातूच्या अंगाने उष्णता बाहेर टाकतो. मी तक्त्यात हा रकाना स्वतः लिहिला होता. उष्णता टाकायला बाहेर असावं लागतं, हे लिहिलं नव्हतं. त्याला मी नमद्याची रजाई पांघरली आणि शेजारी तीन शेगड्या ठेवल्या.

राऊटर चांगला होता. दोन्ही चांगले होते.

पहिल्यांदा लाज वाटली आणि लगेच, मागोमाग, एवढं हलकं वाटलं की ऑफिसच्या मधोमध हसलो. रादमिलाबाईंनी वर पाहिलं. जाळं माझं आहे आणि ते धड आहे. फक्त पेटी चुकली, आणि लाकूड मला येतं.

दुपारी भिंतीतलं भोक तारांभोवती चिकणमाती आणि चुन्याने बुजवलं. वारा तिथेच अडवायचा असतो. पेटी हे त्याचं काम नव्हे. पेटीला वर बारा आणि खाली बारा भोकं, अठरा मिलिमीटरची, दोरी लावून सरळ ओळीत. दाराचा नमदा काढला. चार वाजता थर्मामीटर: छत्तीस.

६ जून, शुक्रवार

पूर्ण दिवस एकदाही नाही. बाहेर तेहतीस होतं.

पेर्सिदाला बान्यात फोन केला. तिला सोप्या भाषेत समजावलं: उष्णता, धातू, हवेचं फिरणं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. मग विचारलं, "भोकं खालीपण पाडलीस ना? नुसत्या वरच्यांनी काय होणार, आत यायला वाट नको?"

तंत्राचा गंध नसलेल्या बाईने बरोबर ओळखलं, याचं नवल वाटलं. तसं बोलून दाखवलं. ती म्हणाली, "मला काय कळतंय. चूल पेटवते तेवढंच." आणि बराच वेळ हसत होती. पाणी मानवलेलं दिसतंय तिला.

७ जून, शनिवार

चाचाकला गेलो. वाटेत तीनदा वाक्य जुळवलं, दारात पोचल्यावर तिन्ही विसरलो. म्हटलं, "मिलोवान, तो राऊटर चांगला होता. मी त्याला बंद पेटीत शिजवला."

त्याने मागच्या फळीकडे बोट दाखवलं. माझा परत केलेला नग तिथे जोडलेला, दिवे लुकलुकतायत. पंधरा दिवस चालू होता, एकदाही थिजला नव्हता. त्याला माहीत होतं. तरी फोन केला नाही.

मी विचारलं, का नाही केलास.

"तू येशील असं वाटलं होतं," म्हणाला. मग ग्लासात राकिया ओतली. माझ्या भट्टीइतकी साफ नाही, पण गप्प प्यायलो. दुसऱ्या घोटाला त्याने सांगितलं की वरच्या खोऱ्यातल्या दोन शीतगृहांनी त्याच्याकडची मागणी रद्द केली. माझं नाव सांगून. विदोयेने परत केला म्हणजे काहीतरी असणारच.

माझ्या नावाचा एवढा दरारा आहे हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या कुठल्या दिवशी आनंद झाला असता.

९ जून, सोमवार

सकाळी सातला दोन्ही शीतगृहांत जाऊन आलो. दोन्हीकडे तेच सांगितलं, उभ्याउभ्या, कामगारांसमोर: राऊटर निर्दोष, चूक पेटीची, पेटी मी केली. पहिल्या मालकाने समजून मान हलवली. दुसरा विचारू लागला की पेटी विकणार का, अक्रोड छान दिसतो म्हणे.

दहाला उझित्सेवाले आले, कराराचे कागद घेऊन. रादमिलाबाईंनी कॉफी दिली, थर्मामीटरच्या माझ्या नोंदी वाचल्या, मग म्हणाल्या, "मी यांना जूनच्या मध्यापर्यंतची मुदत दिली होती. ती अजून संपलेली नाही." कॉफी संपवून ते गेले.

स्रेच्को जिन्यापर्यंत त्यांच्यासोबत गेला. परत आल्यावर मला म्हणाला, "काका, लोकांसमोर कबूल कशाला करायचं? कोणाला कळलं असतं?"

१२ जून, गुरुवार

पेर्सिदा परतली. गुडघे तसेच, चेहरा लाल. भोकं मोजली. पेटीत बुरेक ठेवला, एक वाजता काढला आणि तक्रार केली की आता कोमटही राहत नाही, माझ्या कारागिरीने तिचं जेवण गेलं. मी माफी मागितली. थंडच खाल्ला तिने, अगदी खुशीत. या बाईचं मला कधी कळणार नाही.

२० जून, शुक्रवार

सोमवारी पहिली रास्पबेरी आली. पाच दिवसांत सत्तेचाळीस ट्रक. रस्ताभर तो गोड आंबूस वास, ड्रायव्हर अंगणात खोक्यांवर बसून पत्ते खेळतायत, प्रिंटर गरम, माणसं गरम. पेटीत छत्तीस अंश. बुधवारी दोन वाजता खोदकामात गावाची मुख्य तारच तुटली, अख्ख्या गल्लीचं इंटरनेट गेलं, आमचं फक्त अकरा सेकंद.

रादमिलाबाई खिडकी उघडी ठेवून, शालीशिवाय, दोन्ही बाजूंना मान वळवून फोनवर बोलतात. मुदतीचं नाव कोणी काढलं नाही. आज घरी आलो आणि पायऱ्यांवर बसून बूट काढायला दहा मिनिटं घेतली. घाई नव्हती कसलीच.

२६ जून, गुरुवार

दुपारी स्रेच्को त्या अभियंत्याला घेऊन आला. मुलगा सभ्य आहे. त्याने पेटी उघडून पाहिली, तारांवरचे नंबर वाचले, खोटी स्तुती केली नाही. "असं नेटकं जाळं आम्हीसुद्धा करत नाही" म्हणाला, आणि ते त्याच्या तोंडून ऐकायला मला आवडलं, हेही लिहून ठेवतो.

मग मुद्द्यावर आला. खोऱ्यातल्या सगळ्या शीतगृहांत त्यांना आपले भाड्याचे डबे बसवायचे आहेत, आणि इथे लोक माझं ऐकतात. मी त्यांचा इथला माणूस व्हायचं. काम एवढंच की कोणी विचारलं तर खरं घडलेलं सांगायचं: विकतचा राऊटर घेतला, सहा आठवड्यांत एक बदलावा लागला, दुसराही थिजला.

मी विचारलं, "आणि पेटी?"

"पेटीचा विषय काढायची गरज काय, विदोयेकाका," तो म्हणाला. "तुमचीच बाजू झाकली जाते त्यात."

पेर्सिदा समोरच्या टेबलावर शिक्के मारत होती. ते थांबले.

मी सांगितलं की पेटीशिवाय ती गोष्ट खरी होत नाही, आणि मला दुसरी कुठली सांगता येणार नाही. त्याने एकदा परत विचारलं. मी परत तेच सांगितलं. शिक्के सुरू झाले.

तर नोंद: उझित्सेच्या कंपनीचा आरिल्येतला माणूस होण्याचा आणि पेटीबद्दल गप्प राहण्याचा देकार आज नाकारला. महिना एक लाख चाळीस हजार दिनार, शिवाय गाडी.